ऊसतोडीला जायच्या आधी तान्ह्या लेकराची सोय कशी लावायची

दसरा झाला की आमच्या बीडकडं टोळ्या हलायला लागतात, उचल, म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून कामाआधीच घेतलेला पैसा, तर कधीच खर्चून झालेली असते, गाडी दारात येते आणि तेव्हा कुठं घरात विषय निघतो की तान्हं लेकरू सोबत न्यायचं का म्हातारीपाशी ठेवायचं. मी अंगणवाडीत आहे, दरवर्षी हेच बघायलेय. वजन, लस, खाऊ याचं सगळे विचारतात पण लेकराच्या मनाचं कुणी विचारत नाही, म्हणे एवढ्याशा जिवाला काय कळतंय. कळतं, सगळं कळतं.

एकदा एक माय आठ महिन्याचं पोर आज्जीजवळ ठेवून रात्रीच निघून गेली, रडू नये म्हणून झोपेतच सोडलं. दोन दिवस पोरानं आकांत केला मग एकदम गप. शेजारीपाजारी म्हणायलेत, लई शहाणं लेकरू हो, रडतच नाही. मी बघितलं तर ते कुणाकडं बघेना, हातात वाटी दिली तर तशीच धरून बसलेलं. ते शहाणपण नव्हतं हो, त्यानं हाका मारणं सोडून दिलं होतं. रडणाऱ्या लेकराची मला एवढी काळजी वाटत नाही जेवढी अशा गप झालेल्याची वाटते.

तर आधी न्यायचं का ठेवायचं. अंगावर पिणारं लेकरू, त्यातही सहा महिन्याच्या आतलं, सोबतच न्या, त्याला दुसरा पर्याय नाही. पण कोपीवर, म्हणजे तिकडच्या पाचटाच्या खोपटात, थंडी असते, उसाच्या फडात कोयते, ट्रॅक्टर, साप, त्यामुळं झोळी कुठं बांधायची आणि तिथं कोण बसणार हे निघायच्या आधीच टोळीत बसून ठरवा. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात नियम होता की कामावर ६ वर्षाच्या आतली ५ किंवा जास्त लेकरं आली तर कामावरच्याच एका बाईला सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची. फडात असा नियम कोण पाळतंय, पण टोळीनं मनावर घेतलं तर वर्गणी काढून एक म्हातारी नेता येते, मुकादमाला तसं आधीच सांगा. फक्त आज ही उद्या ती असं करू नका. पूर्ण हंगाम एकच बाई. रोज बदललेला हात लेकराला मानवत नाही, हे पाणी बदलल्यासारखंच आहे. आणि जायच्या आधी अंगणवाडीत येऊन सांगून जा, पोषण ट्रॅकर म्हणून अंगणवाडीचं सरकारी ॲप आहे, त्यात नाव तिकडच्या अंगणवाडीला वळवता येतं, लसीचं कार्ड मात्र पिशवीतच ठेवा.

आता ठेवायचंच असेल तर. सगळ्यात अवघड वय म्हणजे ७-८ महिने ते दीड वर्ष, तेव्हा लेकरू माणूस पक्कं ओळखायला लागतं आणि परक्याला बघून रडतं. या वयात आदल्या दिवशी ठरवून ठेवणं म्हणजे त्याच्यावर आभाळ कोसळल्यासारखं. सुरुवात पोळ्यापासून करा, दसऱ्यापर्यंत मोप दिवस मिळतात. पहिले आठ-दहा दिवस आज्जीनं न्हाऊ घालायचं, भरवायचं, आणि मायनं तिथंच बसून राहायचं. मग मायनं तासभर रानात जाऊन यायचं, मग अर्धा दिवस, मग एखादी रात्र आज्जीच्या कुशीत. दर वेळेला जाताना तोंडानं सांगायचं, "येते गं माय", आणि आल्यावर आधी त्यालाच घ्यायचं. रडेल, रडू द्या, पण चोरून पळू नका. एकदा पळालात की लेकरू तुम्ही नुसत्या चुलीपाशी गेलात तरी घाबरतंय.

निघताना वापरलेलं लुगडं न धुता ठेवून जा, झोळीत घालायला, वासानं झोपतं. कुठल्या कुशीवर झोपतं, काय गुणगुणलं की शांत होतं, भूक लागली की काय करतं, हे आज्जीला माहीतच असेल असं धरून चालू नका.

आज्जीला काय सांगायचं? एकच, उत्तर द्यायचं. लेकरू आ करतं, आपण पण आ करायचं. रडलं तर उचलायचं, उचलल्यानं सवय लागते हे लहान लेकरापुरतं तरी खोटं आहे. अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता, आई आधी लेकराशी खेळते आणि मग दोन-एक मिनिटं नुसता कोरा चेहरा करून बसते, हसणं नाही बोलणं नाही. लेकरू आधी हसून बघतं, हात करतं, ओरडतं, शेवटी मान फिरवून घेतं. मोबाईलमध्ये डोकं घातलेलं माणूस लेकराला तसंच दिसत असणार, हे मी मलाही सांगते. लेकराच्या हातात मोबाईल तर नकोच, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नाही. वाटी-चमचा, रिकामा डबा, पदराआडून बुवा कुक, एवढं पुष्कळ. २०२४ ला केंद्राचा नवचेतना आराखडा आलाय, ० ते ३ वर्षाच्या लेकरांशी काय काय खेळायचं ते त्यात आहे, तुमच्या अंगणवाडी ताईला विचारा.

वाळूजच्या एमआयडीसीत कंपनीत जाणाऱ्या बायांसाठी पण थोडं. ५० किंवा जास्त कामगार असले तर पाळणाघराची सोय कायद्यानं लागते आणि दिवसातून ४ वेळा लेकराकडं जाऊ द्यावं लागतं, २०१७ च्या दुरुस्तीनं हा नियम आला, मागून घ्या. खाजगी पाळणाघर बघायला गेलात तर भिंतीवरची चित्रं बघू नका, तासभर कोपऱ्यात बसा आणि एखादं लेकरू रडलं की कोण उठतं, किती वेळानं उठतं, नावानं हाक मारतं का, ते बघा. सांभाळणाऱ्या बाया दर महिन्याला बदलत असतील तर सरळ दुसरं शोधा.

काळजी कधी करायची? तीन महिने झाले तरी तोंडाकडं बघून हसत नाही, नजर देत नाही, खाणं सोडलंय, वजन अडलंय, किंवा वर सांगितलं तसं एकदम गप झालंय. आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्याला घरी येते, तिला हे आवर्जून सांगा. आणि बाळंतीणच दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस उदास असेल, लेकराला घ्यावंसं वाटत नसेल तर तिला बोल लावू नका, १४४१६ ला फोन लावा, टेली मानस या मनाच्या आजारासाठीच्या सरकारी मदतीचा नंबर आहे, फुकट, रात्री पण लागतो.

हंगामात रोज ठरल्या वेळेला फोन करा, लेकरानं मान फिरवली तर मनाला लावून घेऊ नका. उन्हाळ्यात परत याल तेव्हा ते आज्जीच्या मागं लपेल, पाच-सहा महिने तिनंच सांभाळलंय. ओढून घेऊ नका, खाऊ दाखवून बोलवू नका, नुसतं जवळ बसा, चार-आठ दिवसांत आपणच येऊन पदर धरतंय. आणि आज्जीला लगेच लेकीच्या गावाला धाडू नका, जसं पोळ्याला हळूहळू दिलं होतं तसंच हळूहळू परत घ्यायचं.