“खातं बदललं” असा मेल आला तर आधी फोन

मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात, दिवाळीनंतर जिनिंगमध्ये पैशाची घाई असते. नेमका तेव्हाच मेल येतो: “आमचं बँक खातं बदललं, या बिलाचे पैसे नव्या खात्यात आरटीजीएस करा.” शिकलेला मुनीमही फसतो, कारण चोर बरेचदा व्यापाऱ्याच्या मेलमध्ये आधीच शिरून जुनी बिलं वाचून बसलेला असतो. बिल क्रमांक, रक्कम, भाषा, सगळं जुळतं.

मोबाईलवर मेल पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं. त्यावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटवलेले घाईत कळत नाहीत. पण खऱ्याच पत्त्यावरून मेल आला, तर हेही कामाचं नाही. म्हणून जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करा, मेलमधल्या नव्हे.

आरटीजीएसचे पैसे खाते क्रमांकावरच जमा होतात, नावावर नाही. पाठवण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये खातेदाराचं नाव तपासा.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी मदत क्रमांक लावा, बँकेलाही कळवा. मग पासवर्ड बदला, आणि मेलच्या सेटिंगमध्ये कुणी ‘फॉरवर्डिंग’, म्हणजे तुमचे मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जाण्याची सोय, लावून ठेवलंय का ते पाहा. हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.