लास वेगासला कामासाठी जाताय? कसिनो नसलेलं हॉटेल घ्या

लास वेगासच्या बऱ्याच मोठ्या हॉटेलांत खोलीची लिफ्ट गाठायलाही कसिनो ओलांडावा लागतो. दिवसभर मीटिंगा करून आल्यावर तो गोंगाट नकोसा होतो. त्यात धूर! लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या २००६ च्या धूम्रपानबंदीतून कसिनोचा खेळाचा भाग वगळलेला आहे.

१. हॉटेल शोधताना ‘नॉन-गेमिंग’ (कसिनो नसलेलं) आणि ‘स्मोक-फ्री’ हे दोन्ही शब्द टाका. स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यालगत, व्हिडारा हॉटेल आहे. काम कन्व्हेन्शन सेंटरलाच असेल तर त्याच्या शेजारचं रेनेसान्स बरं, टॅक्सीचा प्रश्नच मिटतो.

२. दर ताडताना रिसॉर्ट फी (खोलीच्या भाड्यावर हॉटेल घेतं ती सक्तीची फी) धरलेली आहे ना, ते बघा. मे २०२५ पासून अमेरिकेत सक्तीची फी मिळवूनच दर दाखवावा लागतो. कर मात्र वेगळा असू शकतो. ऑफिसला बिल लावायचं असेल तर हे आधीच विचारलेलं बरं.

३. खोली वरच्या मजल्यावर, लिफ्टपासून लांब मागा.

एक सांभाळा: ‘कसिनो नाही’ म्हणजे वाटेतही नाही, असं नव्हे. द सिग्नेचर या हॉटेलात कसिनो नाही, पण ते एमजीएम ग्रँड या कसिनो-हॉटेलला जोडलेलं आहे. एमजीएम ग्रँडमधून निघालात की तुम्ही पुन्हा जुगाराच्या मशिनांमध्येच.