ईबीव्ही म्हणजे एपस्टाईन-बार व्हायरसमुळे लिम्फोमाच्या (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरच्या) सेल्स जास्त वाढतात का? ग्रोथ कर्व्ह लावून बघायचं असेल तर

प्रोजेक्टला हा प्रश्न घेतलेले बरेच जण पहिल्याच प्लेटला हिरमुसतात, कारण इन्फेक्टेड आणि व्हायरस नसलेल्या सेल्स जवळपास सारख्याच वाढलेल्या दिसतात. अहो, 10 टक्के सीरम (सेल्सना पोसणारा रक्तातला द्रव) घातल्यावर दोघींचंही पोट भरलेलंच असतं, फरक दिसणार कसा?

बर्किट लिम्फोमाच घ्या, याच गाठीतल्या सेल्समध्ये 1964 ला एपस्टाईन, अचाँग आणि बार यांना ईबीव्ही सापडला. अकाटा ही त्याचीच सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवल्या जाणाऱ्या सेल्स), जपानी पेशंटची, तिच्यातल्या काही सेल्स कल्चरमध्ये व्हायरस गमावतात, त्यांचे क्लोन (एकेका सेलपासून वाढवलेल्या सेल्स) वेगळे काढता येतात, म्हणजे सख्ख्या बहिणीच, एकीत व्हायरस आहे, एकीत नाही. यापेक्षा चांगला कंट्रोल नाही.

आधी पीसीआरने कोणात व्हायरस आहे ते पक्कं करा आणि मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून शिरणारे बॅक्टेरिया) टेस्ट कराच, ती टाळली तर पुढचं सगळं वाया. काम बायोसेफ्टी लेव्हल 2 ला. सेल्स दोनदा धुवा, जुनं सीरम राहिलं की घोळ होतो, मग आरपीएमआय 1640 या कल्चर मीडियममध्ये एका सेटला 10 टक्के आणि दुसऱ्याला 0.1 टक्के सीरम द्या, दर मिलीला 2 लाख सेल्स, प्रत्येकी तीन वेल, 37 डिग्री, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड.

चार दिवस रोज त्याच वेळेला मोजा. गुठळ्या होतात, हलक्या हाताने पिपेटने सोडवा. ट्रायपॅन ब्लू (फक्त मेलेल्या सेल्सना निळं करणारा रंग) घालून हिमोसायटोमीटरच्या, म्हणजे सेल्स मोजायच्या काचेच्या, कोपऱ्यातल्या चार चौकोनांतल्या सेल्सची सरासरी, गुणिले डायल्यूशन, गुणिले 10,000. आणि प्लीज निळ्या, म्हणजे मेलेल्या सेल्सपण लिहून ठेवा, मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे! ईबीव्ही इथे सेल्सना पळवण्यापेक्षा मरू देत नाही, त्यामुळे कमी सीरममध्ये व्हायरस नसलेल्या पटापट मरतात आणि इन्फेक्टेड तग धरून वाढत राहतात, नुसत्या जिवंत सेल्स मोजल्या तर तुम्ही त्याला वेगाने विभाजन समजून बसाल.

एक सांभाळा, अकाटाला अँटी-आयजीजी (सेलवरच्या आयजीजीला चिकटणारी अँटीबॉडी) लागलं की व्हायरस जागा होऊन लायटिक सायकल, म्हणजे नवे व्हायरस बनवून सेल मारण्याची प्रक्रिया, सुरू होते, मग ती प्लेट ग्रोथ कर्व्हसाठी धरू नका.

ग्राफ लॉग स्केलवर काढा, मेलेल्यांची टक्केवारी त्याच्याच खाली लावा.