एपिक्टेटस वाचायचाय? मग मडक्यापासून सुरू करा

आधी एपिक्टेटसची, म्हणजे रोमन काळातल्या या तत्त्वज्ञाची, कोट्स सेव्ह करणं थांबवा. नेटवर खरी-खोटी सगळी एकत्रच फिरतात, आणि मुळात या माणसाने स्वतः लिहिलेलं काहीच आपल्यापर्यंत आलेलं नाहीये. तो शिकवायचा आणि एरियन नावाचा विद्यार्थी लिहून घ्यायचा. त्यातून 'डिस्कोर्सेस' झालं, ज्याचे आज ४ भाग उरलेत, आणि त्याचाच अर्क काढलेलं छोटं पुस्तक म्हणजे 'एन्कायरिडिऑन', ५३ छोटे तुकडे. सुरुवात या छोट्यापासूनच करा.

माणूस कोण होता एवढं माहीत असलं तरी वाचायला फरक पडतो. जन्म इ.स. ५०च्या आसपास, हिएरापोलिसमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. गुलाम होता, मालक एपाफ्रोडायटस, जो नीरो बादशहाचा सेक्रेटरी. पाय अधू. गुलाम असतानाच म्युसोनियस रुफस या तत्त्वज्ञाकडे शिकला, पुढे सुटका झाली, मग डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांनाच रोममधून हाकललं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन शाळा काढली. त्यामुळे "आपल्या हातात काय आणि काय नाही" हे तो बोलतो ना, ते एसीत बसून दिलेलं मोटिव्हेशन नाहीये.

पहिला तुकडा तोच आहे. आपलं मत, इच्छा, नावड हे आपल्या हातात, शरीर, पैसा, लोक काय म्हणतील, पद हे नाही. वाचून लगेच पटतं आणि तिथेच लोक फसतात, कारण मग एकदम मोठ्या दुःखावर लावायला जातात. तिसऱ्या तुकड्यात तो म्हणतो, आवडती गोष्ट मुळात काय आहे ते स्वतःला सांगत जा, आणि मडक्यापासून चढत चढत बायको-मुलांच्या मरणापर्यंत जातो, तो शेवट मला आजही जड जातो, तुम्हालाही जाईल, तर सध्या मडक्यावरच थांबा. फुटलं तर फुटलं, मडकंच होतं.

मग चौथा. सार्वजनिक स्नानगृहात जाताय तर निघायच्या आधीच आठवा, तिथे पाणी उडवणारे, ढकलणारे, शिव्या देणारे, चोरणारे असणारच. आता हेच मीटिंगला किंवा गर्दीच्या ट्रेनला लावा, निघायच्या आधी अर्धा मिनिट बास, आणि स्वतःला सांगा की काम तर करायचंच आहे पण डोकंही ठिकाणावर ठेवायचंय. त्याचा स्वतःचा लोखंडी दिवा चोरीला गेला तेव्हा म्हणाला, उद्या मातीचा आणू. गंमत म्हणजे लुसियन नावाचा जुना लेखक लिहितो की नंतर कोणीतरी तो मातीचा दिवा ३००० द्राख्मांना (ग्रीक नाणी) विकत घेतला, त्याच्या उजेडात वाचलं की आपोआप शहाणपण येईल म्हणून!

राग जास्त येत असेल तर त्याचीच ट्रिक वापरा, न चिडलेले दिवस मोजा. आधी रोज चिडायचो, मग दिवसाआड, मग दोन दिवसांनी, असं करत ३० दिवस गेले तर देवाला नैवेद्य दाखवा म्हणतो. कॅलेंडरवर साधी टिकली मारली तरी चालेल, फक्त स्टेटसला टाकू नका, ४६व्या तुकड्यात अशा दाखवेगिरीवरच झापलंय त्याने.

हे अंगवळणी पडलं की 'डिस्कोर्सेस' घ्या. सलग नको, आणि चौथ्या भागातलं पहिलं प्रकरण शेवटी ठेवा, ते स्वातंत्र्यावर आहे आणि सगळ्यात लांब आहे.