साथीच्या काळात कर्करोगाचे उपचार खंडित होऊ नयेत म्हणून: कोकणातील कुटुंबांसाठी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कोकण रेल्वेच्या प्रवासी गाड्या थांबल्या आणि पुढे जिल्ह्याची हद्द ओलांडण्यासाठी ई-पास लागू लागला, तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कर्करुग्णांपुढे परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत पोहोचायचे कसे, हाच मोठा प्रश्न उभा राहिला. अशी वेळ पुन्हा आल्यास मुंबईलाच जावे लागेल असे उपचार कोणते आणि तालुक्यात होऊ शकतील असे कोणते, याची विभागणी आपल्या डॉक्टरांकडून आधीच करून घ्यावी.

फेरी पुढे ढकलण्याचा निर्णय घरात घेऊ नये. ‘जरा निवळू दे, मग जाऊ’ हे पडवीत बसून ठरवणे सोपे असते. परंतु तीव्र रक्तकर्करोगाचे उपचार, आजार बरा करण्याच्या उद्देशाने चाललेली केमोथेरपी किंवा सुरू झालेले तोंड-घशाचे रेडिएशन मध्येच थांबल्यास होणारे नुकसान नंतर भरून निघत नाही. याउलट संप्रेरकांवर वाढणाऱ्या काही स्तनकर्करोगांत गोळ्या देऊन शस्त्रक्रिया काही काळ लांबवता येते आणि उपचार संपलेल्यांची नेहमीची तपासणी बहुधा फोनवर होऊ शकते. रेडिएशन कमी दिवसांत देता येईल का, हेही विचारावे. स्तनकर्करोगात अनेकींना पंचवीसऐवजी पंधरा वेळांत ते दिले जाते.

केमोच्या एक-दोन दिवस आधीची रक्ततपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये करून अहवाल मोबाइलवर पाठवला, तर रक्तातील पेशी कमी निघून केमो पुढे ढकलावी लागणार असल्यास संपूर्ण प्रवास वाचतो. केमोपोर्ट किंवा पिक लाइन (औषध शिरेत देण्यासाठी शरीरात बसवलेली नळी) यांची निगा प्रशिक्षित परिचारिका जवळच्या रुग्णालयात राखू शकते. डेरवणचे वालावलकर रुग्णालय किंवा सिंधुदुर्गकरांना बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज येथे पुढील केमो घेता येईल का, याचीही चौकशी करावी. मात्र २०२० मध्ये गोव्याच्या सीमेवरही निर्बंध होते, हे विसरू नये. दुसऱ्या रुग्णालयात केमो घेण्यासाठी बायोप्सीचा (गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा) अहवाल, औषधांची नावे व मात्रा आणि कितवी केमो झाली याची नोंद असलेला उपचार-सारांश मागून घ्यावा व त्याचे फोटो घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावेत.

सर्वांत अधिक सावधगिरी तापाच्या बाबतीत हवी. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, त्यामुळे १००.४ अंश फॅरनहाइट ताप हीदेखील तातडीची स्थिती मानावी. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये, कारण गोळीने ताप उतरतो, पण जंतुसंसर्ग आत वाढतच राहतो. साथीत तापाच्या रुग्णाला आधी स्वॅबच्या रांगेत पाठवले जाते आणि नेमका तिथेच वेळ जातो. म्हणून ‘केमो सुरू आहे; ताप आल्यास रक्तगणना व शिरेतून प्रतिजैविक त्वरित, स्वॅबच्या अहवालासाठी थांबू नये’ असे पत्र तज्ज्ञांकडून आधीच घेऊन फाईलच्या वरच लावावे. रात्री डॉक्टर कोणत्या रुग्णालयात असतात आणि १०८ ची रुग्णवाहिका वाडीपर्यंत येते की डांबरी रस्त्यापर्यंतच, हेही ताप येण्यापूर्वीच ठाऊक हवे.

औषधांचा साठा करताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार मॉर्फिनसारखी औषधे फोनवरील सल्ल्याने लिहून देता येत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष भेटीतच पुरेशा दिवसांची चिठ्ठी घ्यावी. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-दापोलीकडे अनेक गावे कितीतरी दिवस विजेविना होती. पावसाळ्यात ही इंजेक्शने घरच्या फ्रिजवर सोडण्यापेक्षा जनरेटर असलेल्या रुग्णालयात ठेवून त्या-त्या दिवशी घ्यावीत.

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना नाही म्हणणे जड जाते, तरी रुग्णाची खोली वेगळी व हवेशीर असावी आणि सेवा करणाऱ्याने लस घेतलेली असावी. रुग्णाच्या लसीची वेळ मात्र डॉक्टरांनी ठरवावी, कारण रिटुक्सिमॅबसारख्या (काही रक्तकर्करोगांत दिल्या जाणाऱ्या) औषधानंतर कित्येक महिने लसीचा परिणाम कमी होतो.

ज्यांना आजार झालेला नाही, त्यांनीही तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम, स्तनातील गाठ किंवा पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव साथ संपेपर्यंत अंगावर काढू नये. तपासणी शिबिरे बंद असली, तरी ग्रामीण रुग्णालयात जाऊन दाखवावे. मिश्री लावणाऱ्यांनी तर आठवडाही दवडू नये.