देशाने संघ सोडावा का? ब्रेग्झिटवर वाद घालताना या चुका टाळा

वादविवाद स्पर्धेत ‘देशाने राजकीय-आर्थिक संघातून बाहेर पडावे’ असा विषय आला की दोन्ही बाजूंची भाषणं ब्रिटनपाशी येऊन पोहोचतात, म्हणजे ब्रिटनने २०१६च्या सार्वमतानंतर युरोपीय संघ सोडला त्या ब्रेग्झिटपाशी. ते योग्यच आहे. एवढ्या मोठ्या देशाने असा निर्णय घेऊन तो अमलात आणल्याचं दुसरं उदाहरण युरोपात नाही. (‘ब्रिटनच पहिला’ असं मात्र म्हणू नका. डेन्मार्कच्या छत्राखालचं ग्रीनलँड १९८५ सालीच तेव्हाच्या युरोपीय समुदायातून बाहेर पडलं होतं, मुख्यतः मासेमारीच्या हक्कांसाठी.) परीक्षक म्हणून ही भाषणं ऐकताना जाणवतं की मुलांची तयारी असते, भाषा असते, पण गाडी ठरावीक ठिकाणीच घसरते. २०१६ साली ब्रिटनचे पुढारीसुद्धा नेमके तिथेच घसरले आणि देशाला पुढची साडेतीन वर्षं त्यातून सुटायला लागली. म्हणून या चुका गुणांपुरत्या पाहू नका.

‘बाहेर’ म्हणजे नेमकं कुठे, हे न सांगणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. २३ जून २०१६च्या मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता: युनायटेड किंग्डमने युरोपीय संघाचे सदस्य राहावे की संघ सोडावा? ५१.९ टक्क्यांनी ‘सोडावा’ म्हटलं, ४८.१ टक्क्यांनी ‘राहावे’. राहणं म्हणजे काय ते बऱ्यापैकी ठाऊक होतं. सोडणं म्हणजे काय, याची मात्र निदान चार उत्तरं होती.

नॉर्वे संघाचा सदस्य नाही, पण एकसंध बाजारपेठेत आहे. माल, सेवा, भांडवल, माणसं सगळं मोकळेपणाने ये-जा करतं. बदल्यात नॉर्वे पैसे भरतो आणि संघाने ब्रुसेल्समध्ये ठरवलेले नियम लागू करतो, पण ते ठरवताना त्याला मत नसतं. शेती आणि मासेमारी त्याने स्वतःच्या हातात ठेवली आहे. सीमाशुल्क संघात (आपसात जकात नाही, बाहेरच्या मालावर सगळ्यांची एकच जकात) तो नाही, त्यामुळे स्वीडनच्या हद्दीवर मालाचे कागद पाहिले जातात. तुर्कस्तानचं बरोबर उलटं आहे. कारखान्यांतल्या मालापुरता तो सीमाशुल्क संघात आहे, पण एकसंध बाजारपेठेत नाही. त्यामुळे जकात नसूनही बल्गेरियाच्या हद्दीवर ट्रकांच्या रांगा लागतात. स्वित्झर्लंडने एकेका विषयाचे वेगवेगळे करार करून घेतलेत. कॅनडाचा मुक्त व्यापार करार आहे, त्यापलीकडे काही नाही.

ज्यांनी ‘सोडावा’वर शिक्का मारला त्यांच्यातल्या कुणाच्या मनात नॉर्वे होता, कुणाच्या मनात कॅनडा. सोडण्याच्या बाजूचे पुढारी मायकेल गोव्ह यांनी प्रचारातच एकसंध बाजारपेठेबाहेर पडण्याची भाषा केली होती हे खरं, पण मतपत्रिकेवर ती नव्हती. परिणाम संसदेत दिसला. पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार १५ जानेवारी २०१९ला २३० मतांनी पडला, मग मार्चमध्ये आणखी दोनदा पडला. २७ मार्चला खासदारांसमोर आठ पर्याय ठेवले, एकालाही बहुमत मिळालं नाही. १ एप्रिलला चार ठेवले, तेही पडले. त्यातला सीमाशुल्क संघात राहण्याचा पर्याय तर अवघ्या तीन मतांनी गेला. हुजूर पक्ष हट्टी, मजूर पक्ष संभ्रमात, असं तेव्हा सगळीकडे लिहिलं गेलं. मला मूळ अडचण वेगळी वाटते. काय नको हे जनतेने सांगितलं होतं, काय हवं हे तिला विचारलंच नव्हतं.

तेव्हा बाजूने बोलणार असाल तर पहिल्याच मिनिटात सांगून टाका: आमचा देश बाहेर पडून अमुक प्रकारचा संबंध ठेवेल, त्यात हे मिळेल, हे जाईल. नॉर्वेची बाजारपेठ आणि कॅनडाचं स्वातंत्र्य दोन्ही एकाच भाषणात मागणारा वक्ता पहिल्या प्रतिप्रश्नालाच पडतो. विरोधी बाजूने हाच प्रश्न विचारावा, पण तेवढ्यावर बसून राहू नये. ‘राहणं’ हीसुद्धा स्थिर गोष्ट नसते. १९७५ साली ६७ टक्के ब्रिटिश मतदारांनी ज्या समुदायात राहायचं ठरवलं, तो नऊ देशांचा होता. २०१६ साली तोच अठ्ठावीस देशांचा संघ झाला होता. पुढे तो कुठे जाईल, यावर राहण्याच्या बाजूनेही बोलायला हवं.

आयर्लंडची सीमा विसरणं

२०१६च्या प्रचारात लंडनमध्ये हा विषय फारच थोड्यांनी काढला. आपल्या स्पर्धांमध्ये तर तो येतच नाही. खरं म्हणजे संघ सोडण्याच्या कोणत्याही योजनेची सगळ्यात कडक परीक्षा इथेच होते.

उत्तर आयर्लंड युनायटेड किंग्डममध्ये आहे, आयर्लंड प्रजासत्ताक युरोपीय संघात. मधली हद्द सुमारे ५०० किलोमीटरची. तीस वर्षांच्या हिंसेनंतर १९९८ साली गुड फ्रायडे करार झाला. हळूहळू लष्करी चौक्या गेल्या आणि माणसं शेतातून, रस्त्यावरून, कुठूनही ये-जा करू लागली. आता ब्रिटन एकसंध बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ दोन्ही सोडतो म्हटल्यावर मालाची तपासणी कुठेतरी करावीच लागणार. ती आयर्लंडच्या हद्दीवर केली तर शांतता धोक्यात येते. समुद्रात, म्हणजे ब्रिटनचं मुख्य बेट आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये केली तर एकाच देशाच्या दोन भागांत हद्द उभी राहते. कुठेच नको असेल तर बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ सोडता येत नाही. या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. मे यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी समुद्रातली तपासणी पत्करली, तिच्यावरून भांडणं झाली, २०२३ साली विंडसर चौकट नावाची दुरुस्ती करावी लागली.

याच्या पोटात आणखी एक चूक असते: ‘ब्रिटनने ठरवलं’ असं सरसकट म्हणणं. इंग्लंड आणि वेल्सने सोडायचं ठरवलं. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास ५६ टक्के मतं राहण्याच्या बाजूने होती. अनेक राष्ट्रकं मिळून झालेल्या देशाने एकाच बेरजेवर निर्णय घ्यावा का, हा वादाचा मोठा आणि प्रामाणिक मुद्दा आहे. तो हातचा घालवू नका.

एकाच बाजूचे आकडे तपासणं

सोडण्याच्या बाजूच्या प्रचारातल्या लाल बसवरचा आकडा सगळ्यांना पाठ असतो: आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात. विरोधी वक्ता तो खोटा म्हणतो आणि टाळ्या घेतो. नेमकं चूक काय होतं, हे मात्र सांगत नाही. मार्गारेट थॅचर यांनी १९८४ साली ब्रिटनसाठी सवलत मिळवली होती. ती रक्कम आधीच वजा होत असे, म्हणजे ३५ कोटी कधी निघतच नव्हते. निघत होते आठवड्याला २५ कोटींच्या आसपास, आणि त्यातलेही काही शेतकऱ्यांना, मागास भागांना परत येत. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने प्रचार चालू असतानाच या आकड्याला दिशाभूल करणारा म्हटलं होतं. तरीसुद्धा निव्वळ वर्गणी वर्षाला अब्जावधी पौंडांची होती हे खरंच राहतं. बसवरचा आकडा पाडला म्हणजे वर्गणीचा मुद्दा पडला, असं समजू नका.

आता दुसरी बाजू. मे २०१६मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्याने अहवाल दिला की सोडण्याच्या बाजूने नुसता कौल गेला तरी मंदी येईल आणि दोन वर्षांत बेरोजगार पाच लाखांच्या आसपास वाढतील. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी ३० अब्ज पौंडांच्या करवाढ-कपातीच्या तातडीच्या अर्थसंकल्पाचा इशारा दिला. पौंड जोरात घसरला, पण ती मंदी आली नाही. उलट बेरोजगारी कमी झाली. राहण्याच्या बाजूने बोलणाऱ्याने हे स्वतःहून कबूल करावं, कारण समोरचा ते काढणारच आहे.

मग उरतं काय? उरतो दूरचा परिणाम. ब्रिटनचं अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालय असं गृहीत धरतं की दीर्घकाळात देशाची उत्पादकता, संघात राहिल्यास जेवढी झाली असती, त्यापेक्षा ४ टक्के कमी असेल. ‘अर्थव्यवस्था ४ टक्क्यांनी घसरली’ असं याचं भाषांतर करणारे वक्ते मी ऐकलेत. ते चूक आहे. इथे तुलना न घडलेल्या वाटेशी आहे, आणि मधे करोना आला, युक्रेनच्या युद्धाने इंधन महागलं. जवळचा अंदाज चुकला म्हणून दूरचा चुकीचा ठरत नाही, आणि दूरचा बरोबर निघाला म्हणून जवळच्या इशाऱ्याची अतिशयोक्ती माफ होत नाही. दोन्ही वेगळे ठेवून बोला.

मतदाराला मूर्ख ठरवणं

हे ऐकताना मला खरोखर त्रास होतो. वेल्समधलं एब व्हेल हे जुनं पोलादाचं गाव. २००२ साली तिथला कारखाना बंद झाला. नंतर युरोपीय निधीतून रस्त्याची कामं झाली, कारखान्याच्या जागेवर कॉलेज उभं राहिलं. तरीही त्या भागात, ब्लायनाय ग्वेंटमध्ये, ६२ टक्के लोकांनी संघ सोडायला मत दिलं. आपले वक्ते यावर म्हणतात, ‘लोकांना स्वतःचं हित कळलं नाही.’

कळलं नाही कुणाला? रस्ता झाला, पण ज्या पगारावर घर चालत होतं तो परत आला नाही. निधी आला, पण तो कशावर खर्च व्हावा हे त्या गावाने ठरवलं नव्हतं. सार्वभौमत्व हा मुद्दा ‘भावनिक’ म्हणून बाजूला सारणारे हीच चूक पुढे नेतात. संघातले बहुतेक कायदे विशेष बहुमताने होतात: ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या. म्हणजे एखाद्या देशाच्या विरोधातला नियमही त्याला पाळावा लागतो. आपण निवडून दिलेल्या सरकारला जो कायदा बदलता येत नाही तो आपण का मानावा, हा प्रश्न लोकशाहीच्या मुळाशी आहे. त्याला पैशाने उत्तर देता येत नाही. उत्तर सार्वभौमत्वाच्या भाषेतच द्यावं लागतं: एकट्याने ठरवता येणारी पण परिणाम नसलेली सत्ता हवी, की वाटून घेतलेली पण परिणाम करणारी? बाहेर पडल्यावरही युरोपला माल विकायचा तर युरोपचेच नियम पाळावे लागतात, आणि ते ठरवताना टेबलावर खुर्ची नसते. यातून खरी लढत उभी राहते.

उलट दिशेनेही हेच लागू आहे. सोडण्याच्या बाजूने बोलताना ‘स्वातंत्र्याची किंमत मोजू’ म्हणून थांबू नका. ती कोण मोजेल ते सांगा. ब्रिटन आणि संघ यांच्यातल्या २४ डिसेंबर २०२०च्या व्यापार करारात जकात नाही, पण मालाचं मूळ दाखवणारे कागद, आरोग्य प्रमाणपत्रं, सीमेवरची घोषणापत्रं आहेत. मोठी कंपनी त्यासाठी माणसं ठेवते. दोन-चार खोकी चीज फ्रान्सला पाठवणारा छोटा उत्पादक निर्यातच सोडून देतो.

संस्थांची गल्लत

हे पटकन सांगतो. स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय युरोपीय संघाचं नाही, ते १९४९ साली स्थापन झालेल्या युरोप परिषदेचं आहे आणि ब्रिटन आजही तिचा सदस्य आहे. म्हणूनच संघ सोडल्यावर जवळजवळ अडीच वर्षांनी, जून २०२२मध्ये, आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला नेणारं विमान त्या न्यायालयाच्या आदेशानंतर थांबलं. संघाचं न्यायालय लक्झेंबर्गला असतं. ब्रिटन युरो चलनात किंवा शेंगेनमध्ये (हद्दीवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात) कधीच नव्हता, तेव्हा ‘युरोमुळे बाहेर पडला’ म्हणू नका. आणि ‘तुर्कस्तान संघात येणार’ हा २०१६चा प्रचार वापरणार असाल तर लक्षात ठेवा, नवा सदस्य घ्यायला प्रत्येक देशाची संमती लागते.

‘आपल्या लोकांचा फायदा झाला’

मराठी सभागृहात हा मुद्दा हमखास येतो, आणि त्यात अर्धंच सत्य असतं. त्या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर लंडनला नोकरी करणारा पुणेकर मत देऊ शकत होता. पण १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आई-वडिलांच्या आधारे पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन स्विंडनला गेलेल्या गोवेकराला मत नव्हतं, कारण तो युरोपीय संघाचा नागरिक ठरत होता. ज्याचं राहणंच या निकालावर टांगलेलं होतं तो बाहेर, आणि ज्याला फरक कमी पडणार होता तो आत. पुढे त्या गोवेकरांना वास्तव्याच्या हक्कासाठी ३० जून २०२१पर्यंत वेगळा अर्ज करावा लागला.

युरोपीय कामगार कमी झाले की दक्षिण आशियातून स्वयंपाकी आणता येतील, असं तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल यांनी करी रेस्टॉरंटवाल्यांना प्रचारात सांगितलं होतं. पुढे भारतातून जाणारे वाढले खरे, पण ते मुख्यतः विद्यार्थी आणि आरोग्यसेवेतले कर्मचारी. ब्रिटनचं निव्वळ स्थलांतर सार्वमताच्या सुमारास वर्षाला तीन-सव्वातीन लाखांच्या घरात होतं. २०२३ साली ते नऊ लाखांपलीकडे गेलं आणि त्यानंतर व्हिसाचे नियम आवळले गेले. स्थलांतर कमी करण्यासाठी संघ सोडा म्हणणाऱ्याला हा आकडा विचारा. आणि ‘आपला फायदा’ सांगणाऱ्याला विचारा, की विषय ब्रिटनच्या हिताचा आहे की आपल्या?

भारताचं उदाहरण ओढून आणणं

वेळ संपत आली की कुणीतरी म्हणतं, ‘उद्या महाराष्ट्र भारतातून बाहेर पडला तर चालेल का?’ युरोपीय संघ हा करारांनी जोडलेल्या सार्वभौम देशांचा संघ आहे आणि त्याच्या कलम ५० मध्ये बाहेर पडण्याची वाट लिहून ठेवली आहे: कळवायचं, दोन वर्षांत वाटाघाटी करायच्या, मुदत वाढवायची तर सगळ्यांची संमती घ्यायची. भारताच्या राज्यघटनेत राज्याला अशी वाट नाही. समोरच्याने हे उदाहरण दिलं तर एवढाच फरक दोन वाक्यांत सांगा आणि उरलेला वेळ पुन्हा पहिल्या प्रश्नावर घाला: बाहेर पडून कुठे जायचं, नॉर्वेच्या जागी की कॅनडाच्या?