रिकामी बाटली फेकू नका: फवारणीच्या विषबाधेची तक्रार साता समुद्रापार कशी न्यायची

मी घाटंजीकडचा. आधी कृषी केंद्राच्या काउंटरवर होतो, आता शेतमजुरांच्या संघटनेचं लिहिण्या-वाचण्याचं काम बघतो. काउंटरवर होतो म्हणून मला बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचायची सवय आहे. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता, विकणाऱ्याचा पत्ता. परदेशातल्या कामगारांची मदत मागायची तर सुरुवात तिथूनच होते. जिनिव्हा-बर्लिनचे पत्ते नंतर.

आधी थोडं मागचं. २०१७ च्या पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट, फवारा उलटून तोंडावर. सप्टेंबर २०२० मध्ये विषबाधितांची यवतमाळातली संघटना, कीटकनाशकांच्या प्रश्नावर काम करणारी पॅन इंडिया, बर्लिनची मानवी हक्कांची संस्था ईसीसीएचआर आणि स्वित्झर्लंडची पब्लिक आय ही संस्था यांनी मिळून ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने एका स्विस कंपनीविरुद्ध बर्नमधल्या सरकारी संपर्क केंद्रात (त्याबद्दल पुढे) तक्रार केली. तिघांनी बासेलच्या दिवाणी न्यायालयाकडे स्वतंत्र दाद मागितली. वेळ सप्टेंबरचीच का? स्विस कायद्यात सदोष मालाबद्दल दावा करायला ३ वर्षांची मुदत आहे. कंपनीने आपल्या औषधाने विषबाधा झाली हे नाकारलं. म्हणजे सगळा वाद एकाच प्रश्नावर आला: त्या दिवशी त्या माणसाच्या पंपात होतं काय?

याचं उत्तर गावातच मिळतं, आणि मिळालं तर पहिल्या दोन-चार दिवसांतच मिळतं.

माणूस वावरात पडला की आधी त्याला सावलीत आणा, भिजलेले कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. मग गाडी. गाडीत बसताना बाटल्या सोबत घ्या. एक नाही, सगळ्या, कारण आपल्याकडे दोन-तीन औषधं मिक्स करूनच पंप भरतात. डॉक्टरला बाटली लागतेच. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं औषध असेल तर ॲट्रोपिनचा उतारा देतात. काही औषधांवर मात्र उतारा नाही, लक्षणं बघूनच उपचार होतो. आमच्या इथे एका घरी मी बाटली मागितली तर म्हातारी म्हणाली, "बाप्पा, माणूस तिकडं तडफडून रायला आन् तुले बाटली कायले पायजे?" तिचं बरोबरच होतं. म्हणून घरच्यांना मागू नका, दुसऱ्या कोणाला तरी वावरात पाठवा. बाटली धुवायची नाही, झाकण घट्ट लावून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी. त्याआधी लेबलचे चारी बाजूंनी फोटो. त्रिकोणाचा रंग दिसला पाहिजे: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. बॅच नंबर बहुतेक वेळा झाकणाजवळ किंवा तळाशी पुसट छापलेला असतो. तो वहीत हातानेही उतरवून घ्या.

दवाखान्यात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. केसपेपरवर "फवारणी करताना विषबाधा" असं लिहिलं गेलं पाहिजे. घाईगर्दीत "विष प्राशन" लिहिलं जातं, आणि त्या दोन शब्दांनी अपघाताची आत्महत्या होते. मग पोलिसांचा जबाब तसाच, पुढचे सगळे कागद तसेच. गोपीनाथ मुंडे योजनेत अपघाती मृत्यूला २ लाखांचं अनुदान आहे आणि कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा त्यात बसते, पण कागद चुकला की तीही वाट बंद. (ती योजना सातबाराधारक शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. ज्याच्याकडे जमीनच नाही त्या मजुराला ती लागू नाही, आणि आमच्याकडे पंप पाठीवर बहुतेक त्याच्याच असतो. हे गाऱ्हाणं वेगळं मांडायचं आहे, इथे सोडून देतो.) डॉक्टरांना कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी होईल का ते विचारा. ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन गटांतल्या औषधांच्या बाधेत तिचा उपयोग होतो, पण उशीर केला तर पुरावा रक्तातून निघून जातो. डिस्चार्ज कार्ड, पोलीस पंचनामा, आणि माणूस गेला असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.

दुकानाचं बिल ही खरी अडचण. माल उधारीवर, कापूस निघाला की पैसे, तोवर साध्या चिठ्ठीवर आकडा. बिल असलंच तर मालकाच्या नावाचं. त्यामुळे मालकाशी भांडून सुरुवात करू नका. आमच्या गावांत मालकही कर्जातच असतो, कित्येकदा दुसरा पंप त्याच्याच पाठीवर असतो. त्याला नीट सांगा की आपल्याला कंपनीला प्रश्न विचारायचे आहेत. मजुराला हातमोजे, मास्क द्यायची त्याची जबाबदारी यातून सुटत नाही, ती त्याला तोंडावर सांगा. पण बिल त्याच्याकडूनच मिळणार आहे.

आता संघटना. एकट्या माणसाचं पत्र परदेशात वाचलं जातं, उत्तरही येतं, पण पुढे सरकत नाही. साधी वही घाला: नाव, गाव, काम, वर्गणी, सही किंवा अंगठा. नोंदणीकृत युनियन करायची तर अर्जावर किमान ७ जणांच्या सह्या लागतात, सभासदसंख्येची अटही आहे. ते जमेपर्यंत एखाद्या मोठ्या युनियनच्या जिल्हा कार्यालयात जा. हिंद मजदूर सभा, इंटक आणि सेवा या आंतरराष्ट्रीय कामगार महासंघाच्या, म्हणजे आयटीयूसीच्या सभासद आहेत. आयटक आणि सीटू डब्ल्यूएफटीयू या दुसऱ्या जागतिक महासंघात. झेंड्याचा रंग बघत बसू नका, तुमच्या तालुक्यात फोन कोण उचलतो ते बघा. शेतमजुरांसाठी जगभरचा महासंघ म्हणजे आययूएफ, तो जिनिव्हात. तेच औषध तिकडे कारखान्यात बनवणारे कामगार इंडस्ट्रिऑल या कारखाना-कामगारांच्या महासंघाकडे येतात, त्याचंही मुख्यालय जिनिव्हातच. बनवणारा आणि फवारणारा यांची गाठ घालून देणं, माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं काम आहे. कंपनीचा माणूस आपल्याला टाळू शकतो, स्वतःच्या कारखान्यातल्या युनियनला रोज टाळणं त्याला अवघड जातं.

कोणतं दार ठोठवायचं, हे कंपनी कुठली आहे त्यावर ठरतं. बाटलीवर पत्ता पुण्या-मुंबईचा असतो, मूळ कंपनी बाहेरची असू शकते. तिची वेबसाइट आणि वार्षिक अहवाल बघा, कॉलेजातली पोरं हे काम एका संध्याकाळी करतात. मूळ कंपनी ओईसीडीच्या, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांच्या गटातल्या, देशातली असेल तर त्या देशात कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी घेणारं "राष्ट्रीय संपर्क केंद्र" असतं. स्वित्झर्लंडचं बर्नमध्ये आहे, अर्थखात्याच्या कचेरीत. तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. भारत ओईसीडीत नाही, म्हणून आपल्याकडे असं केंद्र नाही, पण आपल्याला तिकडे तक्रार करता येते. तक्रारीत पाच गोष्टी लिहा: आम्ही कोण, कंपनी कोणती, काय घडलं, ओईसीडीच्या कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांतलं कोणतं कलम मोडलं, आणि आम्हाला नेमकं काय पाहिजे. पाचवी गोष्ट लोक गुळमुळीत लिहितात. "न्याय मिळावा" असं लिहू नका. उपचाराचा खर्च, लेबलवर मराठीत मोठ्या अक्षरांत सूचना, दुकानात औषधासोबत संरक्षक कपडे, जहाल माल बाजारातून मागे घेणं, असं मोजून लिहा. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की हे केंद्र कोर्ट नाही. ते दोन्ही बाजूंना बोलावतं, बोलणी घडवतं, शेवटी निवेदन काढतं. कंपनीला पैसे द्यायला लावायचा अधिकार त्याला नाही. यवतमाळच्या तक्रारीतही बर्नमध्ये समझोता झाला नाही.

दुसरं दार आयएलओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं. जून २०२२ पासून सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा तिथे मूलभूत हक्क मानला जातो. शेतीतल्या सुरक्षेचा १८४ क्रमांकाचा करार २००१ चा, त्यावर भारताची सही नाही. पण ग्रामीण कामगारांच्या संघटनांविषयीचा १४१ क्रमांकाचा करार भारताने १९७७ मध्ये मान्य केला आहे, तो अर्जात लिहा. संघटना केली म्हणून कामावरून काढलं, धमकावलं, तर आयएलओच्या संघटना-स्वातंत्र्य समितीकडे जाता येतं, तेही मोठ्या युनियनच्या मार्फत.

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काम करणाऱ्या बायांसाठी वाट थोडी निराळी. तिथे बाटलीच्या जागी कापसाची गाठ. १७० किलोच्या गाठीवर लेबल असतं, त्यावरून सूतगिरणी आणि पुढे कापड कुठल्या दुकानात गेलं याचा माग लागू शकतो. ढाक्याजवळ २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून १,१३४ माणसं गेली, तेव्हा ढिगाऱ्यातल्या कपड्यांच्या लेबलांवरूनच परदेशी ब्रँडना जाब विचारला गेला. त्यातून जो करार झाला तो ब्रँडवर कायद्याने बंधनकारक होता.

पत्र लिहिताना मूळ जबाब मराठीतच घ्या, वऱ्हाडीत बोलला तर वऱ्हाडीत. "डोये फिरले, अंधारी आली, हातपाय गार पडले" असंच लिहा. इंग्रजी भाषांतर वेगळं जोडा. ज्याचा जबाब आहे त्याला तो वाचून दाखवा आणि नाव, फोटो बाहेर द्यायचा का ते विचारा. नाही म्हणाला तर नाही. एक प्रत त्याच्या घरी राहू द्या.

पैसा. तिकडून कोणी प्रेमाने म्हणालं की थोडे युरो पाठवतो, तर नम्रपणे थांबवा. २०१० च्या एफसीआरए कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय परदेशी देणगी संघटनेच्या खात्यात घेता येत नाही. एवढ्याशा रकमेपायी सगळं काम बदनाम व्हायचं. त्यांना सांगा की तुमच्या कंपनीच्या भागधारकांच्या सभेत आमचा प्रश्न विचारा. त्याला पैसा लागत नाही.

व्हिडिओ कॉल संध्याकाळी सात-साडेसातला ठेवा. स्वित्झर्लंड उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार, म्हणजे त्यांची कचेरी चालू असते आणि आपली माणसं वावरातून आलेली असतात. लाईट जाते, फोन आधी भरून ठेवा.

आणि त्यांचं पत्र आलं तर उत्तर द्या. तिकडेही संप होतात, कारखान्यात माणसं मरतात. २८ एप्रिलला जगभर कामावर मेलेल्या कामगारांची आठवण करतात. आपल्याकडे तेव्हा कापूस वेचून झालेला असतो, बैठकीला माणसं मिळतात. बैठक ऊन उतरल्यावर घ्या. त्यांच्या मागणीला पाठिंब्याचा चार ओळींचा ठराव मराठीत लिहा, खाली गाव, तालुका, तारीख, सह्या आणि अंगठे. फोटो काढताना कागद सपाट ठेवा, अंगठ्यांची शाई वाळू द्या, नाहीतर पीडीएफमध्ये नुसते निळे डाग दिसतात.